फ्रेजल वर्ब पाठ होतात पण वाक्यात बसत नाहीत? मग असं करून बघा

फ्रेजल वर्ब्ज शिकायचे ठरवलं की बहुतेक जण आधी कुठूनतरी दोनशे-तीनशेची एक पीडीएफ मिळवतात, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी अर्थ, आणि घोकायला बसतात. आठवड्याभरात गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अवे सगळ्याची खिचडी होते, आणि एखादा अर्थ आठवलाच तरी बोलायच्या वेळी वाक्य काही तयार होत नाही. ह्यात शिकणाऱ्याचा दोष नाहीये, त्या यादीतच खरी माहिती नसते. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे हे कळलं, पण जे ढकलायचं ते पुट आणि ऑफच्या मध्ये येणार का नंतर, पुढे दुसरं क्रियापद आलं तर ते कोणत्या रूपात येणार, हे यादी सांगतच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की फ्रेजल वर्ब नुसत्या अर्थासकट नाही, अख्ख्या वाक्यासकट शिकायचं. दिवसाला दोनच शिका पण वाक्यासकट शिका.

आणि अवघड जातंय म्हणून स्वतःला कमी लेखू नका. सॅम्युएल जॉन्सनची इंग्रजी डिक्शनरी १७५५ मध्ये निघाली, तिच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला एक छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही जी इंग्रजीतली पद्धत आहे तिचाच परक्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि कम ऑफ, फॉल ऑन, ब्रेक ऑफ अशी उदाहरणंही दिलीत. म्हणजे हे दुखणं जुनं आहे आणि सगळ्या जगाचं आहे, मराठी मीडियमचं नाही.

सुरू करण्याआधी एक छोटी गोष्ट. मी इथे दोन एफ असलेला ‘ऑफ’ आणि एक एफ असलेला ‘ऑव्ह’ असे वेगवेगळे लिहितोय, कारण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात आणि मग लोक इंग्रजीतही स्पेलिंगची अदलाबदल करतात. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, त्यात दोन एफ, रन आउट ऑव्ह म्हणजे संपणे, त्यात एक.

पायरी १: आधी ओळखा

फ्रेजल वर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि त्याच्या मागे अप, डाउन, ऑफ, ऑन, आउट, इन, आफ्टर, इनटू असला एक छोटा शब्द, कधी दोन, आणि सगळं मिळून एक नवा अर्थ. ‘ही वॉक्ड अप द हिल’ मध्ये माणूस खरंच टेकडी चढतोय, तिथे अपचा अर्थ वर असाच आहे. पण ‘ही लुक्ड अप द वर्ड’ मध्ये कोणी वर बघत नाहीये, डिक्शनरीत शब्द शोधतोय. हे दुसरं आपलं गिऱ्हाईक.

आपल्याला हा प्रकार पूर्ण परका नाही. करून टाक, करून घे, करून बघ, करून ठेव, ह्या चारही ठिकाणी काम ‘करणे’च आहे पण मागच्या शब्दाने रंग बदलला, आणि ‘टाक’ म्हणताना आपण काही खाली टाकत नाही. इंग्रजीत ‘ईट इट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘राइट इट डाउन’ म्हणजे लिहून घे. त्यामुळे अर्थाची भीती बाळगू नका, खरी कसरत पुढे आहे.

पायरी २: ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा

प्रत्येक फ्रेजल वर्बला हा प्रश्न विचारायचा. पुट ऑफ, काय पुट ऑफ? मीटिंग. लुक आफ्टर, कोणाला? आईला. उत्तर आलं म्हणजे त्याला कर्म लागतं. पण ब्रेक डाउन म्हणजे गाडी बंद पडणे, काय बंद पडणे असं विचारायला जागा नाही, गाडीच बंद पडते. टर्न अप म्हणजे येणे, उगवणे, गेट अप म्हणजे उठणे, ह्यांनाही कर्म नाही.

ह्याचा थेट फायदा असा की ज्याला कर्म नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही. ‘माय बाइक वॉज ब्रोकन डाउन ऑन द हायवे’ असं सर्रास ऐकू येतं, पण बंद पडली हे सांगायचं तर ‘माय बाइक ब्रोक डाउन ऑन द हायवे’, बस. उलट ज्याला कर्म आहे त्याचा पॅसिव्ह आरामात होतो, फक्त मागचा छोटा शब्द गाळायचा नाही: ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, ‘द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर वेल’. शेवटी प्रिपोझिशन लटकलंय असं वाटून लोक ते काढून टाकतात, तसं करू नका.

इथे रन आउट जवळून बघण्यासारखं आहे. आपण म्हणतो साखर संपली, गॅस संपला, म्हणजे जे संपलं तेच वाक्याचा कर्ता. इंग्रजीत तसंही चालतं, ‘द शुगर हॅज रन आउट’, पण जास्त करून माणसाला कर्ता करतात आणि मग ऑव्ह लागतो, ‘वी हॅव रन आउट ऑव्ह शुगर’. वस्तू रन आउट होते, माणूस वस्तूच्या रन आउट ऑव्ह होतो. ‘द शुगर इज रन आउट ऑव्ह’ असलं मिश्रण करायचं नाही. दोन्ही वाक्यं एकदा वहीत एकाखाली एक लिहून ठेवा, हा गोंधळ कायमचा मिटतो.

पायरी ३: कर्म कुठे ठेवायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे वेळ द्या.

ज्यांना कर्म लागतं त्यांचे दोन गट आहेत. पहिल्या गटात कर्म मध्येही जातं आणि शेवटीही जातं. ‘स्विच ऑफ द फॅन’ बरोबर, ‘स्विच द फॅन ऑफ’ पण बरोबर. पण फॅनच्या जागी इट आलं की एकच जागा उरते, मधली: ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ चूक. हा नियम मला, तुला, ह्याला, तिला, आम्हाला, त्यांना, सगळ्यांना लागू, म्हणजे इंग्रजीतले मी, यू, हिम, हर, इट, अस, देम ह्यातलं काहीही असलं की मध्येच बसवायचं.

आपल्याकडे रोज लागणारी वाक्यं बघा. तुला स्टेशनवरून घेतो: ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन’, ‘पिक अप यू’ नाही. नंतर फोन करतो: ‘आय विल कॉल यू बॅक’, ‘कॉल बॅक यू’ नाही. मला पाचला उठव: ‘वेक मी अप ॲट फाइव्ह’. फॉर्म भरून दे: ‘फिल इट इन अँड गिव्ह इट बॅक’. पत्ता लिहून घे: ‘राइट इट डाउन’. ही पाच वाक्यं मोठ्याने वीस-पंचवीस वेळा म्हणा, खरंच म्हणा, कारण हा नियम डोक्यापेक्षा जिभेवर बसला पाहिजे, बोलताना नियम आठवायला वेळ नसतो.

कर्म खूप लांब असेल तर मात्र मध्ये कोंबू नका. ‘दे कॉल्ड द मीटिंग दॅट वॉज फिक्स्ड फॉर मंडे मॉर्निंग विथ द न्यू क्लायंट ऑफ’ हे वाचताना शेवटचा ऑफ येईपर्यंत ऐकणारा कॉल कशाला केला ते विसरून जातो. ‘दे कॉल्ड ऑफ द मीटिंग दॅट वॉज फिक्स्ड फॉर मंडे मॉर्निंग’ असं लिहा. दोन-तीन शब्दांचं कर्म मध्ये चालतं, त्याहून मोठं शेवटी.

दुसऱ्या गटात कर्म मध्ये जातच नाही, काहीही झालं तरी. लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इनटू, कम अक्रॉस, रन इनटू, डील विथ, गेट ओव्हर. ‘शी लुक्स आफ्टर हर मदर’ आणि आईच्या जागी हर घातलं तरी ‘शी लुक्स आफ्टर हर’. ‘लुक्स हर आफ्टर’ असं कधीच नाही.

आता कोणता कुठल्या गटात हे कसं ओळखायचं? शंभर टक्के नियम नाही पण एक अंदाज उपयोगी पडतो. कर्म घेणाऱ्या फ्रेजल वर्बमध्ये मागचा शब्द अप, डाउन, आउट, ऑफ, अवे, बॅक ह्यातला असेल तर बहुतेक वेळा तो तुटणारा, म्हणजे पहिल्या गटातला असतो. आफ्टर, फॉर, ॲट, इनटू, विथ, अक्रॉस असेल तर न तुटणारा. ऑन, इन, ओव्हर, थ्रू मात्र दोन्हीकडे असतात, पुट ऑन तुटतो, काउंट ऑन तुटत नाही. आणि अपवाद आहेतच, गेट ऑफ द बस मध्ये ऑफ असूनही गेट द बस ऑफ होत नाही. बोलताना कानाचाही आधार घेता येतो, ‘स्विच इट ऑफ’ मध्ये जोर ऑफवर पडतो, ‘लुक फॉर इट’ मध्ये लुकवर.

शंका आली की डिक्शनरी बघायची. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज ह्यांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या नेटवर फुकट आहेत आणि त्यांच्या छापण्याच्या पद्धतीतच उत्तर असतं. एसबी म्हणजे समबडी, एसटीएच म्हणजे समथिंग. एसटीएच जर क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या मध्ये छापलेलं असेल तर तो तुटणारा, सगळ्यात शेवटी असेल तर न तुटणारा. काही डिक्शनऱ्या तुटणाऱ्याला मध्ये दोन टोकांचा बाण देतात. शाळेत हे कोणी सांगत नाही आणि मग मुलं डिक्शनरी उघडून फक्त अर्थ वाचून बंद करतात, निम्मी माहिती तिथेच राहते.

पायरी ४: काळ फक्त पहिल्या शब्दावर

ही पायरी सोपी आहे. काळ, एस, आयएनजी जे काय लागायचं ते क्रियापदाला लागतं. गिव्ह अप, गेव्ह अप, गिव्हन अप. शी वेक्स अप, वेक अप्स नाही. ऑफिसात ‘आय हॅव लॉगइन्ड’ असं लिहिलेलं दिसतं, ते ‘आय हॅव लॉग्ड इन’ असं हवं. त्याच्याशी जोडून एक: क्रियापद असेल तेव्हा मध्ये जागा सोडा, नाम असेल तेव्हा जोडून लिहा. लॉग इन करायचं ते दोन शब्द, तुमचं लॉगइन चालत नाही ते एक शब्द. सेट अप आणि सेटअप, बॅक अप आणि बॅकअप, सगळे ह्याच हिशोबाने. बोलतानाही फरक पडतो, नामात जोर पहिल्या भागावर जातो.

पायरी ५: पुढे दुसरं क्रियापद आलं तर

गिव्ह अप, पुट ऑफ, कॅरी ऑन, कीप ऑन, एंड अप ह्यांच्या पुढे आयएनजी येतं. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’, ‘वी एंडेड अप पेइंग डबल’. टू स्मोक, टू गो, टू पे असं काही नाही.

तीन शब्दांचे जे असतात, पुट अप विथ म्हणजे सहन करणे, कॅच अप विथ म्हणजे गाठणे, कम अप विथ म्हणजे कल्पना सुचणे, लुक फॉरवर्ड टू म्हणजे आतुरतेने वाट बघणे, गेट अवे विथ म्हणजे चूक करूनही सुटणे, ते सहसा तोडायचे नाहीत, कर्म सगळ्यात शेवटी. ‘आय कान्ट पुट अप विथ इट’.

ह्यातल्या लुक फॉरवर्ड टू ने सगळ्यांचा घोळ केलाय. शाळेत टू नंतर मूळ रूप येतं असं इतकं पक्कं झालेलं असतं की हात आपोआप ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितो. पण हा टू त्या जातीचा नाही, हा प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. कुठला टू आहे हे तपासायचं असेल तर पुढे क्रियापदाऐवजी इट घालून बघा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ बरोबर वाटतंय ना, मग आयएनजी. ‘आय वॉन्ट टू इट’ होत नाही, मग मूळ रूप. ही कसोटी दुसरीकडेही चालते, गेट राउंड टू, ऑब्जेक्ट टू सगळीकडे.

आणि जोडवाक्यात छोटा शब्द खाऊ नका. मी शोधत होतो ती बॅग, ‘द बॅग आय वॉज लुकिंग फॉर’. ‘द बॅग विच आय वॉज लुकिंग’ म्हटलं तर शोधणं उडून जातं आणि वाक्य अर्धवट राहतं.

पायरी ६: मराठी क्रियापद धरून जाऊ नका, प्रसंग धरून जा

आपली क्रियापदं खूप कामाची आहेत, एकच शब्द दहा ठिकाणी चालतो, आणि तिथेच पाय घसरतो. ‘काढणे’ घ्या. शूज काढले, टेक ऑफ. खिशातून पाकीट काढलं, टेक आउट. लग्नाचा विषय काढला, हा ब्रिंग अप, इथे टेक आउट द टॉपिक म्हटलं तर समोरचा समजेल की विषय यादीतून काढून टाकला, म्हणजे बरोबर उलटं. ‘उतरणे’ पण तसंच: बस, ट्रेन, विमानातून उतरतो ते गेट ऑफ, कार आणि रिक्षातून गेट आउट ऑव्ह. आपल्याकडे ‘गेट डाउन ॲट दादर’ सगळे म्हणतात आणि सगळ्यांना कळतं, पण भारताबाहेर गेट डाउन म्हणजे झाडावरून, घोड्यावरून उतर, किंवा खाली वाक. बाहेर जाणार असाल, परदेशी लोकांशी बोलत असाल तर गेट ऑफची सवय करा.

‘घालणे’ बघा. चप्पल घाल हे पुट ऑन, कारण ती घालण्याची क्रिया आहे. तिने निळी साडी घातलीये हे ‘शी इज वेअरिंग’, कारण ती आधीच अंगावर आहे. ‘शी इज पुटिंग ऑन अ ब्लू सारी’ म्हणजे ती ह्या क्षणी नेसतीये.

फोन ठेवते आता, ह्याला ‘आय ॲम कीपिंग द फोन’ म्हणणारे खूप आहेत. त्याचा अर्थ होतो फोन मी परत देणार नाही, माझ्याकडेच ठेवणार. फोन ठेवणे म्हणजे हँग अप, आणि बोलता बोलता कोणाचा तरी फोन मध्येच ठेवून देणे म्हणजे हँग अप ऑन समवन. पण गोडीत निरोप घ्यायचा असेल तर ‘आय हॅव टू गो नाऊ’ पुरतं.

लाईट ऑन कर, फॅन ऑफ कर, मराठीत मस्त चालतं. इंग्रजीत ‘ऑन द लाईट’, ‘ऑफ द फॅन’ चालत नाही, टर्न किंवा स्विच लागतंच. विजेच्या वस्तूंना दोन्ही चालतात, नळाला मात्र टर्न, स्विच नाही.

पायरी ७: आपल्याकडे रुळलेले पण तपासून वापरायचे

कोप अप विथ. इंग्रजीत हा नाहीच, फक्त कोप विथ आहे. ‘आय कान्ट कोप विथ द वर्कलोड’. अप घालायची इतकी सवय झालीये की अप काढला तर वाक्य अपुरं वाटतं, पण काढाच. फिल अप द फॉर्म हाही आपल्याकडचाच, ब्रिटिश लोक फिल इन म्हणतात, अमेरिकन जास्त करून फिल आउट, फिल अप पेट्रोलच्या टाकीसाठी. रिटर्न बॅक, रिव्हर्ट बॅक मध्ये बॅक जास्तीचा आहे. डिस्कस अबाउट मध्ये अबाउट जास्तीचा.

पास आउट जास्त महत्त्वाचा. ‘आय पास्ड आउट इन २०२१’ असं आपण कॉलेज संपल्याबद्दल म्हणतो, पण भारताबाहेर बहुतेक ठिकाणी पास आउट म्हणजे शुद्ध हरपणे. सैन्याच्या अकॅडमीतून प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांसाठी तो ब्रिटिश इंग्रजीत वापरतात, तेवढाच. रेझ्युमेत आणि परदेशी इंटरव्ह्यूत ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ असंच म्हणा.

काही जोड्या अशा आहेत की एकदा नीट बघून ठेवाव्यात. लाईट गोज ऑफ म्हणजे लाईट जाते, पण अलार्म गोज ऑफ म्हणजे अलार्म वाजतो, बंद होत नाही. दूध गोज ऑफ म्हणजे नासतं. टेक ओव्हर म्हणजे ताबा, कारभार हातात घेणे, ओव्हरटेक म्हणजे रस्त्यावर पुढे जाणे. लुक ओव्हर द रिपोर्ट म्हणजे रिपोर्टवर नजर टाक, ओव्हरलुक द रिपोर्ट म्हणजे रिपोर्टकडे लक्षच न जाणे. साहेबांना मेल लिहिताना ह्या शेवटच्या जोडीत अदलाबदल झाली तर सांगायचं होतं त्याच्या उलटच जाईल.

कुठे वापरायचे आणि कुठे नाही

फ्रेजल वर्ब म्हणजे गावठी इंग्रजी आणि मोठा शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी, हा समज डोक्यातून काढा. ‘आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज’ हे मित्राशी बोलताना टॉलरेट पेक्षा जास्त सहज वाटतं. कॅरी आउट, सेट अप, पॉइंट आउट हे तर औपचारिक रिपोर्टातही नेहमीचे आहेत. पण करारपत्र, सरकारी अर्ज, संशोधनाचा पेपर ह्यात पुट ऑफ ऐवजी पोस्टपोन लिहिलं तर बरं, एका शब्दात एकच अर्थ राहतो.

आणि समोरच्याचं इंग्रजीही आपल्यासारखंच शिकलेलं असेल, म्हणजे जपानी, जर्मन, ब्राझिलियन टीमबरोबर कॉल असेल, तर फ्रेजल वर्ब कमी वापरा. कसलाही कमीपणा नाही त्यात. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं नियमबद्ध इंग्रजी आहे, त्यात तर फ्रेजल वर्ब टाळायलाच सांगितलंय, आग विझवायला पुट आउट लिहायचं नाही, एक्स्टिंग्विश लिहायचं, कारण जगात कुठल्याही मेकॅनिकने वाचलं तरी दुसरा अर्थ निघू नये. जे इंजिनिअर मशीनच्या सूचना लिहितात त्यांनी हे मनावर घ्यावं.

एक मेल दुरुस्त करून बघू

समजा नवीन जॉइन झालेल्या कोणीतरी असं लिहिलं: ‘सर, आय वॉज गोइंग टू फिल अप द फॉर्म बट द साइट वॉज ब्रोकन डाउन. आय विल फिल अप इट टुमॉरो. द मीटिंग इज पुट ऑफ ऑर नॉट? आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

अर्थ पोचतो, आधी तेवढं मान्य करू. आता पायऱ्या लावा. फिल अप च्या जागी फिल इन. साइटला ब्रेक डाउन फारसं वापरत नाहीत, मशीन, गाडी, लिफ्ट ब्रेक डाउन होते, वेबसाइट नुसती डाउन असते, म्हणून ‘द साइट वॉज डाउन’. पुढे इट आहे म्हणजे मध्ये जाणार, ‘आय विल फिल इट इन टुमॉरो’. मीटिंगचा प्रश्न नीट प्रश्नासारखा करा, आणि पुट ऑफ मध्ये मीटिंग पुढे गेली एवढंच विचारतोय, पूर्ण रद्द झाली का विचारायचं असेल तर कॉल ऑफ, हे आधी स्वतःशी ठरवा. शेवटी टू च्या पुढे आयएनजी.

तयार मेल: ‘सर, आय वॉज गोइंग टू फिल इन द फॉर्म, बट द साइट वॉज डाउन. आय विल फिल इट इन टुमॉरो. हॅज द मीटिंग बीन पुट ऑफ, ऑर इज इट स्टिल ऑन? आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ लांबी जवळपास तेवढीच आहे, एकही अवघड शब्द वाढला नाही.

वही कशी ठेवायची

एका फ्रेजल वर्बला अर्धं पान द्या. वर तुमच्या रोजच्या आयुष्यातलं मराठी वाक्य लिहा, पुस्तकातलं नको, ‘आईला दवाखान्यात सोडून येतो’ असलं. खाली त्याचं इंग्रजी, एकदा नाम घालून, एकदा इट किंवा हर घालून: ‘आय विल ड्रॉप माय मदर ऑफ ॲट द क्लिनिक’, ‘आय विल ड्रॉप हर ऑफ’. त्याखाली एक भूतकाळातलं, ‘आय ड्रॉप्ड हर ऑफ ॲट टेन’. चौथं एक प्रश्नार्थक किंवा नकारार्थी. एवढं झालं की ते फ्रेजल वर्ब तुमचं. एका दिवशी लुक चे सगळे किंवा गेट चे सगळे घेऊ नका, सारखे दिसणारे एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात, वेगवेगळ्या क्रियापदांचे दोन घ्या. एमपीएससी, बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनाही हेच सांगेन, पर्यायांतून निवडायचं असलं तरी वाक्य ओळखीचं असेल तर उत्तर पटकन कळतं.

आता खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तरं बघा. साखर संपलीये. शूज काढून बाहेर ठेव. आम्ही दादरला उतरलो. तिने पगाराचा विषय काढला, आणि मग तिनेच तो काढला. ती आजीला सांभाळते. मी शोधत होते त्या किल्ल्या सापडल्या.

उत्तरं अशी: ‘वी हॅव रन आउट ऑव्ह शुगर.’ ‘टेक युअर शूज ऑफ अँड लीव्ह देम आउटसाइड’, आणि शूज शब्द आधीच येऊन गेला असेल तर ‘टेक देम ऑफ’. ‘वी गॉट ऑफ ॲट दादर.’ ‘शी ब्रॉट अप हर सॅलरी’ आणि नंतर ‘शी ब्रॉट इट अप’. ‘शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर.’ ‘आय फाउंड द कीज आय वॉज लुकिंग फॉर’, शेवटचा फॉर राहिला असेल तर पायरी ५ चा शेवटचा भाग परत वाचा आणि तेच वाक्य बॅग, चष्मा, चार्जर घालून तीनदा लिहा.